एक तरी नातेवाईक जिवंत हवा

चार माणसं दर रविवारी सकाळी एका टेबलाभोवती बसली की किस्से वेगळे जमवावे लागत नाहीत. आमच्याकडे तर इतके साठलेत की मूळ गोष्ट कुठवर आली होती, हे दर वेळी एकमेकांना विचारावं लागतं.

खेळ तसा साधा आहे. मी गोष्ट सांगते, बाकीचे तिघं त्या गोष्टीतलं एकेक पात्र होऊन खेळतात, आणि डाव जमला की फसला ते फासे ठरवतात. गोष्ट सांगणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात. कसबा पेठेत, अभिजितच्या घरी, त्याचं 'मास्तर' झालं. मी बाई असूनही! पात्र कसलं घ्यायचं ते मात्र माझ्याशी बोलून ठरवावं लागतं, आणि खरी घासाघीस तिथेच होते.

*

अभिजितला कशालाच न घाबरणारा, कधीच न हरणारा योद्धा हवा होता. मी म्हटलं, "एक तरी दोष दे त्याला."

बराच विचार करून म्हणाला, "तो कधीच खोटं बोलत नाही."

"हा काय दोष झाला?"

"आमच्या कोर्टात होतो," मृण्मयी म्हणाली. ती वकील आहे.

मी मान्य केलं. पुढच्याच रविवारी तिघं राजाचा खजिना लुटायला गेले. दारावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "काय काम आहे?"

अभिजितने माझ्याकडे पाहिलं. मी शांतपणे चहा प्यायले.

"चोरी," तो म्हणाला.

*

मध्यंतरी वीस बाजूंचा फासा हरवला. मी बुधवार पेठेतल्या एका दुकानात विचारायला गेले. दुकानदारांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सहा बाजूंत भागत नाही का आपलं?"

*

नवी गोष्ट सुरू करताना तिघांनी पात्रं लिहून आणली. तिन्ही अनाथ! आई नाही, बाप नाही, भाऊबहीण नाही.

"अख्ख्या राज्यात साथ आली होती का?"

"नातेवाईक दिला की तू पळवून नेतेस," अभिजित म्हणाला. मागच्या गोष्टीत मी त्याच्या बहिणीला पळवलं होतं, हे खरं आहे.

मग मी नियमच केला. एक तरी नातेवाईक जिवंत हवा.

मृण्मयीने घटस्फोटित नवरा दिला. "खुशाल मार," म्हणाली.

अभिजितने आत्या दिली. मी तिला लगेच दरोडेखोरांच्या हवाली केलं. पण आत्या काय बोलेल ते अभिजितच सांगणार होता, आणि फासेही त्याच्या बाजूने पडत गेले. आत्याने दरोडेखोरांना भांडी परत घासायला लावली, म्होरक्याचं लग्न अजून का झालं नाही याची चौकशी केली. शेवटी दरोडेखोर तिला स्वतः घरी सोडून गेले. वर साडी-चोळी!

*

राहिला वैभव. हा अमरावतीकडचा. वडिलांचं गावात बी-बियाण्यांचं दुकान आहे. ते सांभाळायचं सोडून हा पुण्याला आयटीत आला, तेव्हापासून बापलेकांत बोलणं नाही. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी विषय काढत नव्हतं. त्यामुळे त्याने नातेवाईक म्हणून 'वडील' लिहिलेलं पाहून मी जरा चपापलेच.

"एक अट आहे मास्तर. त्यांना मारायचं नाही."

"बरं."

"आणि त्यांनी बोलायचं नाही."

"मग त्यांचा उपयोग काय रे?"

"असू द्या ना घरी," तो म्हणाला.

मला वाईट वाटलं. मी अट मान्य केली.

पुढे बऱ्याच रविवारांनंतर तिघं भटकत भटकत वैभवच्या पात्राच्या गावात पोचले. थकलेले, उपाशी. कुठे जायचं, असं मी विचारलं. वैभव म्हणाला, "घरी जाऊ."

मी शब्द पाळला. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी दार उघडलं, पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडले आणि ताटं वाढली.

"भाजी कोणती?" अभिजितने विचारलं. जेवणाचं निघालं की त्याला राहवत नाही.

"मला काय माहीत? वडील त्याचे आहेत."

आम्ही वैभवकडे पाहिलं. तो फासा हातात फिरवत बसला होता.

"आई होती तोवर तीच करायची," तो म्हणाला. "आता ते काय करत असतील..."

मग उठला, मोबाईल घेतला आणि गॅलरीत गेला. दार अर्धवट उघडं होतं.

"हॅलो, बाबा? मी वैभव बोलून राहिलो... नाही, काही झालं नाही... नाही ना बाबा, खरंच काही नाही झालं... आज भाजी कोणती केली?"

आम्ही तिघं टेबलावरचे फासे बघत बसलो. चहा निवला. मृण्मयीने तो पुन्हा गरम करून आणला, तरी वैभव बाहेरच होता.

बऱ्याच वेळाने आत आला आणि आपल्या जागेवर बसला.

"दोडक्याची," तो म्हणाला. "थोडी करपली म्हणे."