ट्रॅक्टरच्या तोंडाला बांधलेलं जातं

माझी जीभ पहिल्यापासून आगाऊ. कुणी विचारो न विचारो, आपण बोलायचं. दुसरं महायुद्ध संपल्यावर सासऱ्यांनी शिवारात पहिला ट्रॅक्टर आणला, तेव्हाही तेच झालं.

यंत्र कसलं, धूडच ते! पण नांगर काळ्या मातीत खोल गेला की मागून बसायचं आणि पुढची चाकं हवेत. ड्रायव्हर म्हणाला, तोंडाला वजन बांधा. आता तापीकाठी ढेकळं हवी तेवढी, धोंडा मात्र औषधालाही नाही. मातीची पोती बांधली, ती फाटली. सासरे अंगणात चरफडत होते, आणि मी दाराआडून बोलून गेले, "ओटावरलं जातं ली जा ना! मझार भोक शे, साखई ओवाई जाई." मधल्या भोकातून साखळी ओवली की झालं.

"बहू हुशार शे!" सासऱ्यांनी चारचौघांत सुनेचं कौतुक केलं. मी फुगले. जात्याच्या पहाटेच्या घरघरीचा मला भारी वैताग होता.

खरं तर त्या जात्याला मी कधी हात लावला नव्हता. गल्लीतली एक विधवा म्हातारी पहाटे येऊन आमचं दळण दळायची आणि पसाभर पीठ पदरात घेऊन जायची. त्यावर तिची चूल. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. बोलताना सुचलं नाही. मेलं नेमकं तेच सुचायला हवं होतं.

दुसऱ्या पहाटे ती आली आणि रिकाम्या ओट्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, "माय, आते दयन गिरणीवर जाई." पसाभर पीठ पुढं केलं, तर न दळता मिळणारं पीठ नको म्हणून तिनं हात मागं घेतला. "दयेल नई, मंग कसानं लेऊ?"

दुपारी भाकरी घेऊन शेतावर निघाले ती जातं परत मागायचंच ठरवून. पोचले तेव्हा ट्रॅक्टर बांधावरून उतरताना तोंडावर आपटला होता. जात्याची दोन शकलं साखळीखाली पडली होती. "फुटनं तं फुटनं," म्हणून सासरे भाकरी सोडायला बसले. जातं मागायला आलेली मी त्यांना भाकरी वाढत बसले. एरवी कैचीसारखी चालणारी जीभ!

तेवढ्यात म्हातारी बांधावरून आली. रोजचं जातं ट्रॅक्टरला बांधल्याचं गल्लीत ऐकून ते बघायला एवढ्या उन्हात चालत आली होती. तिनं शकलांवरची माती पदरानं पुसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, वजनज पाहिजे ना? मंग माले बसाडा तठे. दिनभर बशी ऱ्हासू. पसाभर पीठ द्या."

गडी पोट धरून हसले. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, तुझ्यासारख्या दहा बसल्या तरी हे चाक खाली यायचं नाही."

ती मात्र पदर खोचून चाकाशी उभीच होती, कुणी हात देऊन वर घेईल म्हणून.