मॅडमच्या ताटातली जादा भाकरी

कोल्हापुरात मी आत्याकडे राहून शिकते. मुरगूडच्या आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. त्यामुळे शिक्षकांशी बोलायचं म्हटलं की अजूनही वाक्य आधी मनात दोनदा जुळवून बघते. आम्हाला जपानी शिकवायला जपानहून आलेल्या मॅडम आत्याच्याच वरच्या खोलीत भाड्यानं राहणार, जेवणही आमच्यातच, हे कळलं तेव्हा आनंद झाला, पण भीतीही तितकीच वाटली.

पण मॅडमना पाहत राहावंसं वाटायचं. भाजीवालीला त्या वाकून नमस्कार करायच्या. थोड्याच दिवसांत तीही कोथिंबीर देताना वाकायला लागली. रस्त्यात कोणी "काय पावणं, कुठलं गाव?" म्हणालं, की त्या थांबून मोबाइलवर नकाशा काढायच्या आणि समुद्राकाठचं आपलं गाव दाखवायच्या. इथलं मराठी त्या येता-जाता उचलत होत्या. चुकल्या तर हसून पुन्हा म्हणायच्या. मला वर्गात एक वाक्य बोलायला जी हिंमत लागायची, ती त्या दिवसभर वापरत होत्या.

जेवताना मात्र त्या गप्प असायच्या.

"खा की बाई, लाजायचं न्हाय हितं," म्हणत आत्या भाकरी वाढायची. मॅडम हळूच "पुरे, मावशी" म्हणायच्या आणि मान झुकवायच्या. आमच्यात पहिल्या दोन-तीन नकारांना कोणी नकार समजत नाही. भाकरी ताटात पडायची, मॅडम ती शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवायच्या, आणि ताट मोकळं दिसलं की आत्याचा हात पुन्हा टोपलीकडे जायचा. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, कौतुकानं म्हणायचे, "बघा, बाईला आमची भाकरी लई मानवलीया."

महिनाभरानं मॅडम पोट धरून झोपल्या आणि त्यांचा तास बुडाला. आत्यानं मऊ भात करून वर तुपाची धार सोडली. तोही त्यांनी संपवला.

त्या संध्याकाळी गच्चीवर दोरीवरचे कपडे काढताना त्या मला म्हणाल्या, "कॉलेज गेस्ट हाऊसमध्ये खोली देतंय. उद्या उत्तर द्यायचंय. मावशींना सांगेन, ते जवळ पडतं."

आत्या नक्की म्हणणार, आमच्यात काय कमी पडलं? आणि मॅडम गेल्या तर सकाळी चहा पिताना त्यांच्याशी जे चार शब्द बोलायला मी नुकतीच लागले होते, तेही जाणार. खूप वेळ चाचरत मी विचारलं, "पोटामुळं?"

त्यांनी मान डोलावली. "मी रोज नको म्हणते."

"मग ताटात थोडं टाकायचं."

त्या दचकल्याच. "टाकायचं? कोणीतरी हातानं केलेलं? आमच्याकडे तो करणाऱ्याचा अपमान."

तेव्हा कुठे मला सगळं उलगडलं. मी म्हटलं, "मॅडम, इथं नको म्हणायचं तर मोठ्यानं म्हणायचं. भांडल्यासारखं."

"मोठ्या माणसांशी?"

"मोठ्या माणसांशीच."

मग मी त्यांना शिकवलं. मी, त्यांना! ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे, मान मागं घ्यायची आणि म्हणायचं, "बास की ओ!" पहिल्यांदा त्या वाकून म्हणाल्या. दुसऱ्यांदा शेवटी "माफ करा" जोडलं. शेजारच्या गच्चीवरच्या काकू वाळत घातलेले पापड सोडून बघत उभ्या राहिल्या.

रात्री पिठलं-भाकरी होती. दुसरी भाकरी संपता संपता आत्याचा हात पुढं आला. मॅडमनी ताट झाकलं. त्यांचे कान लाल झाले होते. "बास की ओ, मावशी! एक घास न्हाय जाणार!"

मामांचा घास हातातच राहिला. मी आत्याकडे बघायचं धाडस केलं नाही.

"अगं बया!" आत्या म्हणाली. "आत्ता कशी तोंड उघडून बोललीस! म्हैनाभर मुक्यानं खातीयास, मला वाटायचं बाईचं पोटच भरंना. रोज दोन भाकरी जादा थापाय लागलो की मी. हात भरून आलं माझं!"

"मग विचारायचं नाहीस?" मामा म्हणाले.

"पावण्याला इचारत्यात व्हय, पोट भरलं का म्हणून? वाढत्यात." आणि तिनं हातातली भाकरी मामांच्याच ताटात टाकली.

मॅडम आधी माझ्याकडे, मग आत्याकडे बघून हसायला लागल्या. तोंडावर हात न धरता हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

सकाळी जिन्यात त्यांचा आवाज ऐकू आला. फोन कॉलेजचाच होता. नको, आभारी आहे, नको, असं हळू आवाजात चाललं होतं आणि त्या भिंतीकडे बघून वाकत होत्या. पलीकडचे सर आग्रह सोडत नसावेत. मी पायरीवर चहाचे दोन कप घेऊन थांबले. मग मॅडमनी पाठ ताठ केली, मोकळा हात हवेत आडवा धरला आणि गेस्ट हाऊस नाकारलं. शेवटी "सर" म्हणायला मात्र त्या विसरल्या नाहीत.