नाकातून काढलेली गाठ

कापूस वेचताना आईच्या नजरेतून दोन्ही बाजूंची बोंडं सुटायला लागली, तेव्हा मोठेबाबा म्हणाले, "आळस आला तिले." मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कधीतरी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तेवढ्या भांडवलावर ते आमच्या मारेगावकडच्या गावात सगळ्यांचे डॉक्टर झाले होते.

नागपूरला तपासल्यावर कळलं की मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसांखाली गाठ आहे. डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून ती काढली. घरातली पहिली पदवी माझी, पण मलाही ते चटकन समजलं नाही. त्यांनी न चिडता पुन्हा पुन्हा चित्र काढून दाखवलं. ते उपकार मी विसरणार नाही. घरी सोडताना ते म्हणाले, "नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही. तुमच्याकडे पाया पडतात, तेही सध्या बंद. नाकातून पाणी गळलं तर लगेच या. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. त्या वाटेने जंतू आत गेले, तर जिवावर बेतेल."

घरी पोचलो तर आईला पाहायला पाव्हणे आलेले आणि मोठेबाबा ओसरीवर खाटेवर बसलेले. आईचं डोकं त्यांनी भाजी निवडल्यासारखं निरखलं.

"डोक्याले एक टाका नाही! नाकातून शेंबूड निघते, गाठ नाही निघत. फसवलं तुमाले."

मग त्यांनी पाय खाली सोडले आणि वाट पाहत राहिले. आमच्याकडे बाहेरगावाहून आलेली सून आधी भासऱ्याच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, पाया पडते.

"मोठेबाबा, डॉक्टरनं वाकाले मना केलं हाय," मी म्हणाले.

"मी काय तिले पोतं उचलाले सांगून राह्यलो?"

ते पाय काही मागे गेले नाहीत. आईने मला हाताने बाजूला सारलं आणि ती वाकली. तिच्या नाकातून स्वच्छ पाण्याचे थेंब त्यांच्या पायावर पडले.

"सर्दी हाय," पाय धोतराला पुसत ते म्हणाले. "ओव्याची धुरी दे, मोकळं होते."

"घशात खारट लागून राह्यलं वं," आई मला म्हणाली.

मी शेजाऱ्यांची गाडी बोलावली. मागून मोठेबाबा ओरडत होते, "अवं, चहा तं घेऊ दे! पाव्हणे काय म्हणतीन?" बाई मरायला टेकली, तरी या माणसाला पाव्हण्यांची पडली होती.

डॉक्टरांनी पुन्हा नाकातूनच जाऊन, मांडीतली थोडी चरबी लावून गळती बंद केली. जंतू आत गेले नव्हते. नजर शाबूत होती.

काही दिवसांनी, आम्ही अजून नागपूरलाच असताना, मोठेबाबांचा फोन आला. "मले तवाच शंका आलती. पाणी पाह्यलं अन् म्हनलं, हे साधं नाही. दे तिच्याजवळ फोन, आशीर्वाद देतो."

"ती झोपली आहे," मी म्हणाले.

आई जागी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि फोन मागितला नाही.