डावा खांदा आणि पेटीचा भाता

माझ्या लाडक्या नातवंडांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर व्हायोलिन वाजवताना तुमच्यातली थोरली सारखी मनगट झटकत होती. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं आजी." हे "काही नाही" माझ्या चांगल्या ओळखीचं आहे, म्हणून आजच लिहायला बसले.

निगडीला आमच्या सेक्टरात बायकांचं भजनी मंडळ आहे. पेटी वाजवणारी मी एकटीच. दोन वर्षांपूर्वी मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला, तेव्हा मी रोज दुपारी तीन ते पाच सरावाला बसू लागले. जमिनीवर मांडी घालून, मध्ये पाण्यालाही न उठता. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. आठवड्याभरात डावा खांदा ठणकू लागला. डावा हात दुखतोय म्हणजे हृदयच, असं मी ठरवलं आणि कार्यक्रम होईपर्यंत गप्प राहायचं, हेही ठरवलं. इतकी शिकलेली बाई, आणि ही अक्कल!

एका सकाळी हात वरच जाईना. अंबाडा घालता येईना, म्हणून केस मोकळेच सोडून मी चहा घेऊन आले.

"आज काय कॉलेजला निघालीस?" आजोबा म्हणाले.

मला हसू आलं, मग रडू. सगळं सांगून टाकलं. तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो.

ईसीजी स्वच्छ निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, या हाताने दिवसभर काय करता?"

"पेटीचा भाता मारते."

त्या हसल्या. "चाकणच्या कंपन्यांतली मुलं असेच खांदे घेऊन येतात माझ्याकडे. दिवसभर एकच दांडा ओढतात."

"म्हणजे हिने ओव्हरटाइम केला," आजोबा म्हणाले.

औषध, व्यायाम, आणि भाता दीड महिना बंद. कार्यक्रमाला उरले होते दहा दिवस. मंडळात सांगितलं तेव्हा सगळ्यांचे चेहरे पडले. पेटीशिवाय आमचे सूर कुठल्या कुठे जातात, ते सगळ्यांनाच ठाऊक आहे.

टाळ वाजवणारी आमची शेजारीण इथल्या जुन्या गावातली. ती म्हणाली, "काकू, बोटं तर धड हायेत ना? मग भात्यावर काकांना बसवा की. न्हाई तरी पेपरच चाळत बसत्यात."

बायकांच्या मंडळात पुरुष? बरीच कुजबुज झाली. शेवटी एका अटीवर परवानगी मिळाली: त्यांनी गायचं नाही. ज्यांनी त्यांची आरती ऐकली होती, त्यांनी अट दोनदा बजावून सांगितली.

भाता पलीकडे असतो, त्यामुळे आजोबा माझ्यासमोर बसले. पहिल्या दिवशी सायकलला हवा भरावी तसा भाता मारला, पेटी किंचाळली. "अहो, हळू!" "राणीसरकार, मशीन नवीन आहे." इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांकडे एवढं सलग पाहिलं नव्हतं. कार्यक्रमात ते एका जागी चुकले, मी दोन जागी.

आता मी वीस मिनिटं वाजवते आणि उठते. बाळा, तूही उठ, आणि तुझ्या व्हायोलिनच्या बाईंना मनगटाचं सांग. दुखलं की वाद्य थांबतं, आपण लपवलं की जास्तच दिवस थांबतं.

माझा खांदा पूर्ण बरा झालेला नाही. पण पेटी दर गुरुवारी वाजते. अर्धा वेळ भाता माझ्याकडे असतो, अर्धा वेळ आजोबांकडे.