उपरण्याखालचे सहा महिने

नगरच्या एका ठेकेदारानं मला फसवलं आणि त्याच्या पुतण्यानं माझ्या नावावर डोंगरातल्या माणसांना फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे ही हकीकत उलटी सांगतात. म्हणे मी लढाईच्या पैशाला भुलून सिलोनच्या बेटावर गेलो, तिकडंच रमलो, आणि मागं धंदा बसला. रमलो! जळवा चिकटलेले पाय घेऊन कोण रमतो?

मी बैलांचा दलाल. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या खाली प्रवरेकाठी आमचं गाव. लहानपणी दुसऱ्यांची गुरं राखली, त्यातूनच जनावर ओळखायला शिकलो. राजूरच्या बाजारात डोंगरातल्या लोकांची डांगी खोंडं घ्यायची, खाली देवळाली प्रवराकडच्या ऊसवाल्यांना द्यायची, आणि वरच्यांना भाताच्या चिखलात चालेल असा बैल बघून द्यायचा. बाजाराच्या टोकाला चिंचेखाली माझी जागा. ती मला बापानं दिली नाही की सरकारनं दिली नाही. डोंगरातला माणूस उतरला की सरळ त्या चिंचेकडं यायचा, म्हणून ती माझी.

आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आतून एकमेकांची बोटं दाबायची. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आत काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक. आणि जे आत ठरलं ते बाहेर सांगायचं नाही, बायकोलाही नाही. जो सांगतो त्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही.

जर्मन-जपानची लढाई ऐन भरात होती. ठेकेदार राजूरला आला. सिलोनमध्ये लष्कराच्या तळांवर सामान ओढायला बैलगाड्या लागत होत्या. बैल तिथलेच घ्यायचे होते, पण पारखणारा माणूस हवा होता.

"तुझ्यासारखा डोळा जिल्ह्यात न्हाई गड्या," तो म्हणाला.

"डोळ्याचं कौतुक नको शेट, हात पुढं करा," मी म्हणालो.

उपरणं टाकलं. आधी पगार ठरला. मग मी महिने विचारले. त्यानं माझा अख्खा पंजा दाबला आणि वर एक बोट. सहा. ह्यात दोन अर्थ निघत नाहीत. परतीचा पास तो काढून देणार, हे तेवढं तोंडानं ठरलं. मी रीतीप्रमाणं गप्प राहिलो. घरी एवढंच सांगितलं की जाऊन येतो. किती दिवसांनी, ते सांगितलं नाही. आज लोक मला त्यावरून वेड्यात काढतात. रीत पाळणारा वेडा, आणि मोडणारा शेट!

बेट दिसायला सुंदर, खोटं कशाला बोलू. बोटीतून उतरलो तर डोळ्यांत मावणार नाही एवढं हिरवं. आमच्याकडं हिरवं बघायला श्रावणापर्यंत थांबावं लागतं. पण ते हिरवं अंगावर येतं. रोज पाऊस, रोज घाम, धोतर वाळत नाही, अंथरुणाला बुरशी. खायला भात, त्यात नारळ, वर सुकी मासळी. बाजरीच्या भाकरीचा वाससुद्धा कुठं नाही. पहिल्या पंधरवड्यात तापानं पडलो. उठलो तर तळावरचे बैल लंगडत होते, ओलीनं खूर कुजलेले. मोरचूद मागवून खूर धुतले, पायाखाली फळ्या टाकायला लावल्या. बैल उभे राहिले, तसा माझा शब्द तळावर चालू लागला.

तिथले गाडीवाले भाव ओरडून सांगत. मला ते कळेना, माझं त्यांना कळेना. शेवटी एका म्हाताऱ्या गाडीवाल्याचा हात धरून मी त्यावर उपरणं टाकलं. त्याला वाटलं जादू करतोय. तो हसला, आजूबाजूचे हसले. मग मी एक बोट दाबून एक नोट दाखवली, दोन दाबून दोन. त्याच्या डोळ्यांत कळल्याचं दिसलं आणि पठ्ठ्यानं लगेच माझा अख्खा पंजा दाबून सगळ्यात चढा भाव मागितला! अर्धा तास आमची आतल्या आत झोंबाझोंबी चालली. त्या दिवशी बेटावर आल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवलो, त्याच्याच घरी, फणसाची भाजी. पुढं त्याच्या गावचे सगळे माझ्याशी तसाच सौदा करू लागले. आम्हाला एकमेकांचा एक शब्द येत नव्हता, पण त्या कापडाखाली दिलेलं बोट एकानंही मागं घेतलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे. ज्याला वाचायचं त्यानं नीट वाचावं.

सहा महिने भरले. ठेकेदाराचा मुकादम तळावर असायचा. विचारलं की म्हणायचा, "पुढच्या बोटीनं." पुढच्या बोटीला पुन्हा तेच. कधी पास आला नाही, कधी समुद्रात धोका आहे, कधी तळाचा गोरा साहेब रजेवर. असं करत वर्ष गेलं, दुसरं लागलं.

जनावरांच्या दवाखान्यात आपल्या नगरकडचा एक ख्रिस्ती कंपाउंडर होता. माझ्यापेक्षा वयानं लहान, पण संध्याकाळी पाटी घेऊन मला अक्षरं शिकवायचा. आज हे लिहितोय ते त्याच्यामुळं. एकदा तो म्हणाला, "मामा, एवढे तळमळता, तर पास मागत का नाही?"

"मागणार मी कोण? शेट मागणार."

तो दुसऱ्या दिवशी साहेबाच्या कचेरीत विचारून आला. माझ्यासमोर बसून कोरीच पाटी पुसत राहिला.

"बोल की!"

"मामा, तुमच्यासाठी पास कुणी मागितलाच नाही. उलट शेटनं कळवलंय, हा माणूस लढाई संपेपर्यंत खुशीनं राहणार आहे."

खुशीनं! मी उठलो तो थेट मुकादमाच्या खोलीत, आणि त्याची गचांडी धरली. तो म्हणाला, "मला काय विचारता? शेटनं सांगितलं तेवढं मी बोललो." कंपाउंडरनं मला ओढून बाहेर काढलं, नाहीतर पुढचं लिहायला मी तुरुंगात बसलो असतो. त्यानंच साहेबाकडं नेलं. मी खूर बरे केलेले बैल साहेबानं पाहिले होते. पास मिळाला.

राजूरला उतरलो तो बाजाराचाच दिवस. चिंचेखाली ठेकेदाराचा पुतण्या बसला होता. मला पाहून उठला आणि म्हणाला, "या काका, तुमचीच जागा सांभाळतोय." माझा सहा महिन्यांचा करार कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून त्याला सांगता आलं होतं की मी कायमचा गेलो, जागा आणि गिऱ्हाईक त्याच्या हवाली करून. लोकांनी माझ्या नावाकडं बघून त्याच्या हातात हात दिला होता. आणि त्यानं काय दिलं? म्हाताऱ्या बैलांची शिंगं तासून, तेल लावून खोंड म्हणून विकलेली. मारक्याला दारू पाजून गरीब म्हणून विकलेला. आता मला कळलं मला बेटावर का ठेवलं होतं.

पुतण्याला मी तिथून हुसकलं. त्याला वेळ लागला नाही. चिंचेखाली उपरणं मांडीवर घेऊन बसलो. डोंगरातले लोक उतरले आणि माझ्यासमोरून पुढं गेले. शेवटी एक म्हातारा थांबला. मी पहिला बैल विकला तो ह्याला.

"या बाबा, बसा," म्हणत मी हात पुढं केला.

त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"न्हाई दादा. तुज्या नावावर बैल घेतला. बसका निगाला. लावणीला चिखलात बसला तो उठंना. आमी चौघांनी शेपटी पिरगाळली, तरी न्हाई. भाताचं आवण, सगळी रोपं, वाळून गेलं. लई हाल झालं."

"बाबा, मी इथं नव्हतोच!"

"नाव हुतं की तुजं," तो म्हणाला आणि गेला.

मी तसाच नगरला गेलो. ठेकेदार ओसरीवर पान लावत बसला होता.

"शेट, सहा महिने ठरले होते."

"कोण म्हणतं?"

"तुमचा हात म्हणतो."

"कापडाखालचं कुणी बघितलं रे?" तो हसला. "तूच सांग, तुमच्यात साक्षीदार असतो का?"

नसतो. साक्षीदार नसतानाही शब्द पाळायचा, म्हणून तर त्याला हात देणं म्हणतात.

तो आजही नगरात मानानं फिरतो. मला त्याचा पैसा नको. त्यानं राजूरच्या बाजारात, भर दुपारी, त्या चिंचेखाली यावं. डोंगरातली माणसं भोवती उभी असतील. तो म्हातारा मी स्वतः घेऊन येईन. उपरणं मी खांद्यावरच ठेवीन. उघड्यावर माझा पंजा धरावा, वर एक बोट दाबावं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगावं की महिने किती ठरले होते आणि तो बसका बैल कुणी विकला. यायचं नसेल तर का येत नाही, ते तरी सांगावं. मी वाट बघतोय.