इल्युसिडेट
डांबरगोळ्यांचा वास आला की वहिनीच्या पेटीतली ती सिल्कची साडी आठवते. ती नेसून मी भावासोबत सटाण्याहून एसटीने नाशिकला आले होते, इंदिरानगरातल्या एका इंग्रजी शाळेत मुलाखतीला. ही नोकरी लागली नाही तर माझं लग्न उरकून टाकायचं, असं घरी ठरलंच होतं. पंख्याखालीही पाठीवरून घाम ओघळत होता. शिक्षिका का व्हायचंय, याचं पाठ केलेलं उत्तर मी घडाघडा म्हटलं, तशा समोरच्या बाई म्हणाल्या, "इल्युसिडेट." मला शेवटचं 'डेट' तेवढं कळलं. देवाचं नाव घेऊन मी खणखणीत आवाजात जन्मतारीख सांगितली. बाईंच्या शेजारी बसलेल्यांपैकी एक जण रुमालात हसला. "अहो, म्हणजे जरा समजावून सांगा," बाई मराठीत म्हणाल्या. मी तेच पाठ केलेलं उत्तर पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. फाटकाशी भाऊ उन्हात उभा होता. "काय इचारं तुले?" "जन्मतारीख." त्याचा चेहरा उजळला. "मंग, बराबर सांगी ना?" मी होकारार्थी मान हलवली. त्या शब्दाचा अर्थ आता मला झोपेतही सांगता येईल. नोकरी का मिळाली नाही, ते मात्र भावाला अजून समजावून सांगितलेलं नाही.