सुलाबाईंनी मागून घेतलेलं काम

सुलाबाई नकला करायला लागल्या की द्राक्षबागेतलं काम थांबतं आणि मुकादम ओरडायला लागतो. मग त्या मुकादमाचीच नक्कल करतात. कुंडलच्या आसपासच्या बागांत विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, जाणाऱ्या बायकांमध्ये आपल्याला मागणी आहे ती हाताच्या चपळाईमुळे, असं त्या सांगतात. साफ खोटं. दिवसभर हसायला मिळतं म्हणून बायका त्यांच्या शेजारची ओळ धरतात.

बारा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान, गुंडा, उसाच्या ट्रॉलीखाली सापडून गेले. घरात विधवा सासू अंबूबाई, पदरात एक लेक. तिला बारावीपर्यंत शिकवलं, लग्न करून दिलं. लग्नात लेकीची ओटी भरली जावेनं. सुलाबाई तेव्हा मांडवामागं चहा गाळत होत्या. हेही त्यांनी मला जावेची नक्कल करतच सांगितलं.

मी इथल्या शाळेतली चौगुलेबाई. गावानं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हा ग्रामसभेत तो मीच वाचून दाखवला, खणखणीत आवाजात. ठराव फायलीला लागला आणि बायका होत्या तिथंच राहिल्या. म्हणून संक्रांत झाल्यावर बायकांचं एक नाटक बसवायचं ठरवलं. भाषण या कानानं ऐकून त्या कानानं सोडता येतं, नाटक तसं सोडता येत नाही, असं माझं मत. नाटकही मीच लिहिलं. गावात दुसरं कोण लिहिणार, हा माझा तोरा.

कामं वाटायला बसलो तर घोडं अडलं. सगळ्यांना सवाष्ण व्हायचं होतं. विधवेचं काम घ्यायला एकही तयार होईना. कुंकू पुसून, मोकळ्या गळ्यानं चारचौघांत उभं राहायचं?

"नाटकात का आसंना," एकजण म्हणाली, "देवाला काय कळतंय हे नाटक हाय म्हणून?"

मग माझी नजर सुलाबाईंकडे गेली. कपाळ तयार, गळा तयार. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला ते फार सोयीचं वाटलं.

"न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "ते काम मी बारा वर्सं करतीया. मला हळदीकुंकू देणारी करा."

कोपऱ्यात बसलेल्या अंबूबाई ताडकन उठल्या. "सुले, कुंकू लावून चौकात हुबी ऱ्हायलीस तर परत माझ्या घरात पाऊल टाकू नगंस."

सुलाबाईंचा चेहरा उतरला. त्या घराशिवाय त्यांना दुसरं घर नव्हतं. पण शब्द काही त्यांनी मागं घेतला नाही.

आता विधवा कोण? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ठराव वाचणारी मीच. हो म्हणावं लागलं. मंगळसूत्र मात्र मी काढलं नाही, ब्लाउजच्या आत सरकवलं. माझी क्रांती तेवढीच.

तालमीत सुलाबाईंना वाक्य होतं, "चालती हो, पांढऱ्या पायाची!" त्या हसायलाच लागल्या.

"आसं कोण म्हणतंय, बाई? आसं म्हटलं तर भांडता तरी येतंय."

"मग काय म्हणतात?"

"'तुम्ही जरा आत चहाचं बघता का?' लय गोड बोलत्यात."

वाक्य मला इतकं आवडलं की मी लगेच वहीत उतरवून घेतलं. घरी नवऱ्यालाही वाचून दाखवलं.

दुपारी चारला ग्रामपंचायतीपुढच्या कट्ट्यावर नाटक सुरू झालं. सुलाबाई हिरवं लुगडं नेसून, ठसठशीत कुंकू लावून आल्या. अंबूबाई पहिल्या रांगेत, तोंड फिरवून. हळदीकुंकू सुरू झालं. सुलाबाईंनी एकेकीची ओटी भरली. मग मी पुढं झाले. त्यांनी करंडा मागं घेतला. नाकावर नसलेला चष्मा बोटानं वर सरकवला, मान कलती केली आणि शाळेतल्या शुद्ध भाषेत म्हणाल्या, "सुलाबाई, तुम्ही जरा आत चहाचं बघता का? तुमच्या हातचा चहा म्हणजे काय विचारता!"

"आवं, ही तर चौगुलेबाई!" कुणीतरी ओरडलं आणि सगळा चौक हसला. मग बायकांकडचं हसू हळूहळू थांबलं.

मला गेल्या वर्षीच्या संक्रांतीचं माझं घर आठवलं. पंचवीस बायका, वाणाला प्लास्टिकचे डबे, आणि दारात सुलाबाई. मी हेच म्हणाले होते, शब्द न् शब्द. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून म्हणाले, अशी माझी समजूत होती. पुढचं वाक्य माझंच होतं, मीच लिहिलेलं. ते आठवेना. मी खरोखरच आत निघून गेले. बाकीचं नाटक बायकांनी कसंबसं पार पाडलं.

नंतर कट्ट्यामागं सुलाबाई तेलानं तोंडाचा रंग पुसत होत्या.

"राग आला का, बाई?"

"लाज वाटली."

"दुसरीची नक्कल केली आसती तर ती दारात यिऊन भांडली आसती. तुमी घरी जाऊन इचार करणार. म्हणून तुमची केली."

मला रडू आवरेना. माझ्यावर एवढा विश्वास कुणी टाकला नव्हता, आणि तो मी कमावलेलाही नव्हता.

तेवढ्यात अंबूबाई आल्या. सुनेच्या कपाळाकडे बघत राहिल्या. रंग गेला होता, कुंकू तसंच होतं. सुलाबाईंनी मान खाली घातली.

"चल," अंबूबाई म्हणाल्या, "शेरडं वरडाय लागल्यात." आणि सुनेला घेऊन भर गल्लीतून घराकडे निघाल्या.

रथसप्तमीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. दोघींना मी स्वतः जाऊन बोलावणं केलं. आल्या, आणि सवयीनं सुलाबाई पदर खोचून थेट स्वयंपाकघराकडे वळल्या. मी त्यांचा हात धरून त्यांना सतरंजीवर बसवलं. आधी अंबूबाईंना कुंकू लावलं, मग सुलाबाईंना.

"चहाचं मी बघते," म्हणाले.

आत चहा गाळत होते तेव्हा बाहेर हशा पिकला. सुलाबाई कुणाची तरी नक्कल करत असणार. मी कान दिला, पण शब्द कळत नव्हते. माझ्या स्वयंपाकघरात बाहेरचं नुसतं हसू तेवढं ऐकू येतं, हे मला संसाराच्या वीस वर्षांत कळलं नव्हतं.